एक दोन दोन पॉइंट आठ

अल्विन गारसाइडचा आवाज एव्हाना रेडिओवर यायला हवा होता.

सेप डॉडने रेडिओ मोठा केला, मग उगाचच लहान केला, आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून किटली चढवली. "येईल गं पोरी," तो म्हणाला. "तुझा बाप बोलल्याशिवाय राहणारा माणूस नव्हे. परवा हँगरचं दार उघडतानासुद्धा त्याने आधी परवानगी मागितली."

ब्रायनी हसली, पण खिडकीपासून हलली नाही. समुद्राच्या अंगाला क्षितिजावर एक पांढरी रेघ होती. सकाळी ती पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक होती. आता तिला जाडी आली होती.

स्केलथॉर्पला विमानतळ म्हणायचं ते तोंडदेखलं. एक गवताची धावपट्टी, पत्र्याचे दोन हँगर, एक लाकडी खोपटं आणि खोपट्यात सेप. वारा कुठून आहे आणि पट्टीवर मेंढ्या आहेत की नाहीत, एवढं वैमानिकांना सांगायचं हे त्याचं काम. कुणाला हुकूम सोडायचा अधिकार त्याला नव्हता, आणि असता तरी कुणी मानला नसता, असं तो स्वतःच म्हणायचा.

डॅड सकाळी एकटा उडाला होता. किनाऱ्याच्या कडेने दीपगृहापर्यंत, तिथून आत वळून हॅरोबीच्या विमानतळावर उतरायचं, तिथल्या माणसाची सही घ्यायची आणि परत यायचं. शिकाऊ वैमानिकाची ही एकट्याने करायची मोठी परीक्षा. सदुसष्टाव्या वर्षी डॅड ती देत होता. हॅरोबीहून फोन आला होता की गारसाइड नावाचे एक गृहस्थ इथे फार सुंदर उतरले, चहाला नाही म्हणाले, आणि निघाले. त्यालाही आता बराच वेळ झाला होता.

तसं पाहिलं तर अल्विन गारसाइड निम्मं आयुष्य हवेतच होता. धंदा चष्म्यांचा. तीस-पस्तीस वर्षं त्याने मारविक गावाला खालच्या ओळीतली अक्षरं वाचायला लावली, आणि रोज रात्रीचं जेवण झालं की तो मागच्या खोलीत जाऊन विमान उडवायचा. भंगारात निघालेल्या बसमधली ड्रायव्हरची खुर्ची, समोर संगणकाचे तीन पडदे, आणि भोवती त्याने स्वतः जोडलेली बटणं. प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर आईच्या वळणदार अक्षरात नाव. आई म्हणायची, बरंय बाई, कुणाचे नवरे दारू पितात, कुणाचे घोड्यांवर पैसे लावतात; माझ्याची विमानं गालिच्यावर पडतात. हे इथल्या विमानांच्या क्लबात कुणीतरी सेपला सांगितलं, आणि डॅडचं नाव कॅप्टन गालिचा पडलं ते पडलंच.

पण तो खेळ नव्हता, निदान डॅडच्या लेखी नव्हता. जगभरातली त्याच्यासारखी हजारो माणसं एकाच खोट्या आभाळात उडत असायची. त्यांच्यातलीच काही कंट्रोलर होऊन बसायची, आणि खऱ्याहून कडक शिस्तीने एकमेकांना वाट द्यायची. बाहेर खरा पाऊस असला की डॅडच्या काचेवरही पाऊस पडायचा. ज्या भागात कंट्रोलर बसलेला नसेल तिथे सगळ्यांनी एका ठरलेल्या चॅनेलवर जायचं आणि आपण कुठे आहोत ते सांगत राहायचं, कुणी ऐको न ऐको. बहुधा तिथे कुणीच नसायचं. ब्रायनीचं सगळं शाळेचं वय भिंतीपलीकडच्या त्या आवाजात गेलं होतं. डॅड रात्री उशिरापर्यंत कुणालाही नाही असं काहीतरी अगदी सभ्यपणे सांगत असायचा, आणि त्या आवाजावर तिला झोप लागायची.

आई गेली तेव्हा त्याने खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरून. वर्षभर तो बसचं आसन पुसायलासुद्धा आत गेला नाही. शेवटी ब्रायनीच त्याला इथे घेऊन आली. एकदा खऱ्यात बसून बघ, डॅड, नाही आवडलं तर परत. तो बसला, आणि खाली उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, आणि घरी पोचेपर्यंत तो सलग बोलत होता. वर्षभरानंतर पहिल्यांदा. म्हणून आज त्या पांढऱ्या रेघेकडे बघताना ब्रायनीच्या मनात एक विचार असाही होता की इथे त्याला आणलं ते मी.

मोरॅग रेनिक हँगरमधून हात पुसत आली. ती डॅडची शिक्षिका. स्कॉटिश, साठीला टेकलेली, बोलणं तोलूनमापून. आल्या आल्या तिने खिडकीतून समुद्राकडे पाहिलं आणि कधी वारा फिरला म्हणून सेपला विचारलं. आत्ताच, सेप म्हणाला. हवामानवाल्यांनी फ्रेट संध्याकाळी येईल म्हटलं होतं. फ्रेट म्हणजे समुद्रावरून चालून येणारं धुकं. या किनाऱ्यावर ते कुणाला विचारून येत नाही.

मोरॅगने माइक उचलून डॅडच्या विमानाला हाक दिली. स्टुडंट गोल्फ नोव्हेंबर किलो, हे त्याचं रेडिओवरचं नाव. थांबली. पुन्हा दिली. रेडिओत नुसती खरखर.

"हॅरोबीलाच थांबायला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. हे ती स्वतःलाच म्हणाली.

मग तिने रडारवाल्याला फोन लावला. वाटेत डॅडवर लक्ष ठेवायला एका मोठ्या विमानतळाचा कंट्रोलर होता. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येईल इतका स्वच्छ होता. तुमचा विद्यार्थी उत्तम, तो म्हणाला. सगळं नियमाप्रमाणे. मी त्याला इथून सोडला तेव्हा तुमच्यापासून दहा मैलांवर होता, आता तुमच्या डोक्यावर पोचतोय, दोन हजार फूट. मोरॅगने विचारलं, रेडिओ बंद पडल्याचा कोड लावलाय का त्याने? विमानातल्या यंत्रावर चार आकडे असतात. रेडिओ गेला तर ते बदलायचे, म्हणजे रडारवर कळतं. नाही, कंट्रोलर म्हणाला, नेहमीचाच कोड आहे. मी त्याला परत माझ्या चॅनेलवर हाका मारतोय, संकटाच्या चॅनेलवरही मारल्या. ऐकत नाही.

म्हणजे डॅडच्या मते त्याचा रेडिओ ठणठणीत होता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. तिघंही बाहेर धावली. वर आभाळ निळंशार होतं, आणि पूर्वेकडून मात्र पांढरं काहीतरी जमिनीला घासत येत होतं. खाणीचं टेकाड त्यात गेलं. मग कुंपण गेलं. मग पट्टीच्या पलीकडच्या टोकाचा वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी पायमोजा फिका झाला आणि नाहीसा झाला. ते पांढरं गवतावरून सरकत खोपट्यापाशी आलं आणि ब्रायनीच्या चेहऱ्याला ओल लागली. विमान दिसलंच नाही. आवाज डोक्यावरून गेला, बारीक झाला.

"वर ऊन आहे," सेप म्हणाला. "वरून त्याला हे कापसासारखं दिसत असेल. बघेल, मान हलवेल आणि हॅरोबीला जाईल परत. कोणीही शहाणा हेच करेल."

मोरॅगने नकारार्थी मान हलवली. ते पाहून ब्रायनी घाबरली. तिने विचारलं, नाही का जाणार तो?

मोरॅगने तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. "ऐक," ती म्हणाली. "नवखा विद्यार्थी असता तर मला इतकी काळजी नसती. नवखा धुकं बघून घाबरतो आणि पळतो. तुझ्या बापाने घरी असं धुकं हजार वेळा कापलंय."

ब्रायनीला हे माहीत होतं. पहिले तीन महिने मोरॅगने डॅडला शिकवलं ते फक्त बाहेर बघायला. पडद्यावर उडणारा माणूस काट्यांकडे बघून उडतो. आभाळ त्याच्यासाठी भिंतीवरचं चित्र. शेवटी मोरॅगने पबमधून बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या आणल्या आणि एकेका काट्यावर चिकटवल्या. आता उडव, म्हणाली. डॅड भयंकर चिडला होता. मग हळूहळू त्याने मान वर केली. चकत्या अजून विमानाच्या दाराच्या खिशातच असायच्या. काट्यांकडे फार बघायला लागलास की लावीन, अशी मोरॅगची धमकी असायची.

आणि दुसरीही एक गोष्ट ब्रायनीला माहीत होती. 

"त्याने घरी स्केलथॉर्प बनवलंय," ती म्हणाली. "ही पट्टी. हे खोपटं. मला दाखवलं होतं. धुक्यात उतरायची एक वाट पण आखलीय त्याने, स्वतःची. डोक्यावरून जायचं, समुद्रावर जायचं, वळायचं आणि घड्याळ लावून खाली यायचं. डोळे मिटून करतो मी, म्हणाला."

"खाली कुठून येतो?" मोरॅगने विचारलं.

"खाणीच्या टेकाडावरून."

सेपच्या हातातला कप बशीवर वाजला. खाणीच्या टेकाडावर गेल्या हिवाळ्यात मोबाइल कंपनीने उंच लोखंडी मनोरा उभा केला होता. डॅडला तो ठाऊक होता. रोज उडताना तो त्याला वळसा घालून जायचा, आणि रोज त्याच्या नावाने बोटं मोडायचा. पण घरच्या स्केलथॉर्पमध्ये तो मनोरा नव्हता. डॅडने ते आभाळ आई असताना बनवलं होतं, आणि त्यानंतर खोलीच उघडली नव्हती. मनोरा त्याच्या डोळ्यांना माहीत होता. हातांना नव्हता. आणि धुक्यात शिरलं की डोळ्यांचं काम संपतं.

मोरॅगने फोन उचलला. रडारवाला म्हणाला, तुमच्या डोक्यावरून पूर्वेला वळलाय. समुद्राकडे चाललाय. उंची तीच आहे, अजून तरी.

सेप रेडिओशी झटत होता. एकच हाक, पुन्हा पुन्हा. ब्रायनी फोनजवळ गेली आणि म्हणाली, मला दे. फोनवरच्या माणसाला तिने विचारलं, की माझ्या वडिलांना सोडताना तुम्ही नेमकं काय म्हणालात? शब्दन् शब्द सांगा.

तो जरा गोंधळला. नेहमीचंच, म्हणाला. "स्केलथॉर्प समोर आहे, माझी सेवा इथे संपते, चॅनेल बदलायला हरकत नाही."

"स्केलथॉर्पच्या चॅनेलचा आकडा सांगितलात?"

"सांगायची पद्धत नाही. त्यांना माहीत असतो."

ब्रायनीने डोळे मिटले. मागची खोली, भिंत, भिंतीपलीकडे डॅड. माझी सेवा इथे संपते, चॅनेल बदलायला हरकत नाही. हे वाक्य तिने किती रात्री ऐकलं होतं. खोट्या आभाळातला कंट्रोलर हेच म्हणायचा. आणि त्यावर डॅडचं उत्तर कधी बदललं नव्हतं. धन्यवाद, शुभ रात्री, एक दोन दोन पॉइंट आठ. मग बटण फिरल्याचा कर्र आवाज. आणि मग डॅड, एकटा, रिकाम्या चॅनेलवर.

"सेप," ती म्हणाली, "एक दोन दोन पॉइंट आठ लाव."

"ते आपलं नाही, पोरी."

"लाव."

"तिथे बोलायचा आपल्याला परवानाच नाही."

"मग पकडून ने मला," ब्रायनी म्हणाली.

सेपने टेबलावरचा, हातात धरायचा छोटा रेडिओ घेतला, आकडे फिरवले. आधी खरखर. मग डॅड.

तो बोलतच होता. आवाज शांत, किंचित आनंदी. "...स्केलथॉर्पच्या आसपासच्या सर्वांना, गोल्फ नोव्हेंबर किलो, समुद्रावर, दोन हजार फूट, डावीकडे वळतो आहे, पुढे खाली येईन." उत्तर आलं नाही म्हणून त्याला काही वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं तिथे उत्तर येतच नव्हतं.

मोरॅगने रेडिओ हिसकावल्यासारखा घेतला. अल्विन, मोरॅग बोलतेय, खाली येऊ नकोस, पट्टी धुक्यात आहे, वरच राहा. तिचा आवाज स्थिर होता, पण ती फार भरभर बोलली.  मग डॅड म्हणाला, "स्टँडबाय."

म्हणजे जरा थांब, कामात आहे.

"अल्विन, वर जा. ऐकतोयस का?"

"स्टँडबाय, मोरॅग. काटे धरलेत मी."

फोनवर रडारवाला म्हणाला, वळला. किनाऱ्याकडे तोंड केलंय. खाली यायला लागलाय. एक हजार सहाशे.

ब्रायनीने रेडिओ घेतला. "डॅड, मी ब्राय. डॅड, धुकं जमिनीपर्यंत आहे. खाणीवर मनोरा आहे, डॅड."

त्याच्या आवाजात हसू आलं. जणू ती जेवायला बोलवायला दारात आली होती. "अगं, तू कशी इथे? स्टँडबाय, राणी. एवढं संपवून आलोच."

हे तिने ओळखलं. ती हाक, ते उत्तर. आई दारात उभी राहून म्हणायची, अल्विन, ताट वाढलंय. तो मान न वळवता म्हणायचा, स्टँडबाय. त्याचे कान त्या वेळी मागच्या खोलीत नसायचेच. ते कुठल्या तरी पावसाळी विमानतळावर असायचे, आणि तिथे बायको, मुलगी, शिक्षिका यांतलं कुणीच शिरू शकत नव्हतं. आत्ता तो तिथेच होता. बाहेर खरं धुकं, हातात खरं विमान, पण माणूस बसच्या खुर्चीत बसलेला.

"एक हजार तीनशे," फोनवरचा माणूस म्हणाला.

त्या खोलीत शिरू शकणारा एकच माणूस होता. ती आठ वर्षांची असताना नाताळात तिला दोन खेळण्यातले वॉकीटॉकी मिळाले. एक डॅडच्या खुर्चीला टांगला, दुसरा घेऊन ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायची. ती किचन टॉवर, विमानांना उतरायची परवानगी देणारी. डॅडने तिला सगळं शिकवलं होतं: टॉवर कधी ओरडत नाही, टॉवर कारण सांगत नाही, आणि टॉवरशी कुणी वाद घालत नाही. आधी सांगितलं ते करायचं, सांगितलं ते परत म्हणून दाखवायचं, भांडायचं ते उतरल्यावर. एकदा ती टॉवर सोडून शेजारच्या मुलीकडे खेळायला गेली आणि विसरली. डॅड मागच्या खोलीत घिरट्या घालत राहिला. परवानगी मिळाली नव्हती ना. ताट गार झालं. आईने शेवटी पायरीवर बसून वॉकीटॉकीत सांगितलं, महाराज, उतरा आता.

ब्रायनीने पाठ ताठ केली. श्वास सोडला. मोरॅगला तिने खुणेने जवळ बोलावलं, आणि तोंडासमोर रेडिओ धरून आवाजातली मुलगी काढून टाकली.

"गोल्फ नोव्हेंबर किलो, टॉवर. गो अराउंड. पुन्हा सांगते, गो अराउंड. उतरणं सोडा आणि वर जा. उत्तर द्या."

खरखर.

खोपट्यात कुणी हललं नाही. किटली उकळून ओसंडत होती, आणि ती उतरवायलाही सेप उठला नाही.

"गो अराउंड," डॅडचा आवाज आला. त्यात हसू नव्हतं, प्रश्न नव्हता. "वर जातो आहे. गोल्फ नोव्हेंबर किलो."

आणि पाठोपाठ, धुक्याच्या आत कुठेतरी, समुद्राच्या बाजूला, इंजिन मोठं झालं. त्यांनी ते भिंतीतून ऐकलं.

"नऊशेवर थांबला," फोनवरचा माणूस म्हणाला. त्याचाही आवाज आता तितका स्वच्छ राहिला नव्हता. "चढतोय. किनारा त्याच्या पुढे एक मैल. उजवीकडे घ्या, उजवीकडे, मनोऱ्यापासून लांब."

मोरॅग कानात सांगत गेली आणि ब्रायनी बोलत गेली. उजवीकडे वळा, दिशा उत्तर. पंख सपाट ठेवा. तीन हजार फुटांपर्यंत चढत राहा. प्रत्येक वाक्याला डॅड परत म्हणून दाखवत होता, शब्दाला शब्द, काटा इकडचा तिकडे नाही. ब्रायनीचा रिकामा हात टेबलाची कड धरून होता. मध्ये एकदा डॅडचं उत्तर यायला उशीर झाला, आणि मोरॅगने तिचं मनगट घट्ट पकडलं. मग उत्तर आलं. दिशा उत्तर, चढतो आहे. मग बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "गोल्फ नोव्हेंबर किलो, ढगांच्या वर. ऊन आहे."

मोरॅग खाली बसली. जमिनीवरच, भिंतीला टेकून.

अजून काम संपलं नव्हतं. हॅरोबीला स्वच्छ ऊन होतं, इंधन पुरेसं होतं, वाट त्याने सकाळीच पाहिली होती. ब्रायनीने टॉवरच्याच आवाजात त्याला दिशा दिली. त्याने घेतली. रडारवाला म्हणाला, बरोबर चाललाय, आता मला द्या, माझ्या चॅनेलवर पाठवा, मी त्याला हाताला धरून नेतो.

म्हणजे सोडायचं होतं. ब्रायनी रेडिओकडे बघत राहिली. आत्ता तो तिच्याजवळ होता. ज्या चॅनेलवर कुणी नसतं त्या चॅनेलवर ते दोघंच होते. बटण फिरलं की तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाणार होता आणि इथे खरखर उरणार होती. आणि तेच वाक्य म्हणायचं होतं, ज्याच्यामुळे हे सगळं झालं.

"दे सोडून, पोरी," सेप हळूच म्हणाला. "तू धरून ठेवलंस तर तो घिरट्या घालत राहील."

तिने रडारवाल्याचा आकडा विचारून घेतला. मग बटण दाबलं. "गोल्फ नोव्हेंबर किलो, टॉवरची सेवा इथे संपते. चॅनेल बदला, एक एक नऊ पॉइंट सात. आकडा परत सांगा."

"एक एक नऊ पॉइंट सात."

"पुन्हा एकदा."

थोडा वेळ गेला. तो हसला असावा, पण बटण दाबण्याआधीच हसून घेतलं असावं. "एक एक नऊ पॉइंट सात. धन्यवाद, टॉवर."

नंतरही ती तशीच बसून राहिली, रेडिओ कानाशी धरून. सेपने किटली उतरवली. फोनवरचा माणूस सांगत होता, आला माझ्याकडे. आता एवढ्या उंचीवर. आता हॅरोबी दिसतंय म्हणाला. ती ते ऐकत होती आणि तिथे नव्हतीही. फोन ठेवताना तो म्हणाला, उतरला. छान उतरला. आणि मग, विचारू की नको असं करत, तुम्ही कंट्रोलर आहात का?

"नाही," ब्रायनी म्हणाली. "मी औषधाच्या दुकानात असते."

मोरॅगने गाडी चालवली. किनाऱ्यापासून दोन-तीन मैल आत आल्यावर धुकं असं संपलं की जणू कुणी तिथे कापून ठेवलं होतं. पुढे शेतं, ऊन, मेंढ्या. वाटेत मोरॅग दोनदाच बोलली. उद्यापासून सगळे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात, ती म्हणाली, त्याच्या मांडीवर. मग थोड्या वेळाने म्हणाली, म्हणजे त्याला यायचं असेल तर. 

हॅरोबीच्या गवतावर विमान एका कडेला उभं होतं. डॅड आतच बसून होता, दार उघडं, पाय बाहेर. चहाचा कप कुणीतरी त्याच्या हातात दिला होता आणि तो गार झालेला दिसत होता. मोरॅग लांबच थांबली.

ब्रायनी जवळ गेली.  तिने विमानात डोकावून पाहिलं. काट्यांवर पुठ्ठ्याच्या चकत्या लावलेल्या होत्या. उंचीच्या काट्यावर, दिशेच्या, तोल दाखवणाऱ्याच्या. एकीवर बिअरचं चित्र होतं, एकीवर लाल सिंह. नुसता वेगाचा काटा उघडा होता.

"वर आल्यावर लावल्या," डॅड म्हणाला. "बाहेर बघत आलो."

"बरं केलंस."

त्याने कप दुसऱ्या हातात घेतला.  "मनोरा," तो म्हणाला. "मला माहीत होता गं तो." आणि थोडं थांबून, "मी तुला स्टँडबाय म्हणालो का?"

"एकदा. मोरॅगला दोनदा."

त्याने बुटाने गवत दाबलं. पलीकडच्या शेतात कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला.

"तुझ्या आईला," तो म्हणाला, "रोज म्हणायचो."

ब्रायनी त्याच्या शेजारी चाकाला टेकून खाली बसली. टॉवरशी भांडायचं ते उतरल्यावर, असा नियम होता. पण त्याला भांडायचं नव्हतं आणि तिलाही नव्हतं. तिने त्याच्या हातातला गार चहा घेतला आणि पिऊन टाकला.